पद्मिनीला चालतं ठेवणारं शहर

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी मे महिन्याच्या सुट्टीत बोरघाट चढताना एक दृश्य हमखास दिसायचं. कडेला बॉनेट उघडून उभी असलेली फियाट, शेजारी पाण्याचा डबा, आणि गाडीच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून थांबलेलं कुटुंब. त्या फडक्यामागे पक्कं भौतिकशास्त्र होतं. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असे आणि इंजिनाच्याच फिरण्यावर चाले. चढावर इंजिन तापलं की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. पंप द्रव ओढण्यासाठी घडवलेला, वाफेवर त्याची मात्रा चालत नसे. कार्ब्युरेटर कोरडा पडायचा आणि गाडी बंद. फडक्याने पंप निवला, वाफेचं पुन्हा पेट्रोल झालं, की सेल्फ मारला जायचा आणि मंडळी खंडाळ्याकडे निघायची.

ही युक्ती हजारो घरांना ठाऊक होती आणि ती गॅरेजमधून घराघरांत पोहोचली होती. या फियाटच्या, म्हणजेच पुढच्या प्रीमियर पद्मिनीच्या, साऱ्या आयुष्याची गोष्ट अशीच आहे. गाडी कारखान्यात जन्मली, पण चाळीस-पन्नास वर्षं ती रस्त्यावर टिकली ती तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या दुरुस्तीच्या जाळ्यामुळे. त्या जाळ्याचा इतिहास गाडीच्या इतिहासाइतकाच लिहून ठेवण्याजोगा आहे.

सुरुवात कुर्ल्यात झाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी भारतात मोटारीचा कारखाना काढायचं ठरवलं तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि ब्रिटिश सरकारला या कल्पनेत रस नव्हता. परवानग्यांची टोलवाटोलवी सोसून १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली. अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार होऊन स्वातंत्र्याच्या आसपास कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा अवाढव्य गाड्या बाहेर पडू लागल्या. पाठोपाठ इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली. वालचंद १९५३ च्या एप्रिलमध्ये गेले. त्याच वर्षी जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने नवी ११०० मांडली होती. १९५४ पासून ती कुर्ल्यात तयार होऊ लागली. तिचा गोलसर, पुढे आलेला तोंडवळा पाहून लोकांनी तिला डुक्कर फियाट म्हणायला सुरुवात केली आणि आजही जुने मेकॅनिक तिला त्याच नावाने ओळखतात.

याच सुमारास सरकारचं धोरण बदललं. १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशींनंतर, परदेशातून सुटे भाग आणून इथे नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना दार बंद झालं. ज्यांना राहायचं त्यांनी टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवायचे होते. जनरल मोटर्सने शिवडीतला आपला कारखाना गुंडाळला. प्रीमियर राहिली, आणि तिच्याभोवती देशी सुट्या भागांचा उद्योग वाढू लागला. बंगळूरच्या मायकोचे स्पार्क प्लग, मद्रासच्या लुकास-टीव्हीएसची विजेची उपकरणं, भांडुपच्या सिएटचे टायर. सिएट ही कंपनीसुद्धा मुळात फियाटच्याच गावची, ट्युरिनची. पुढे गाडीचं उत्पादन बंद पडलं तरी तिचे भाग बाजारात मिळत राहिले, त्याची मुळं या काळात आहेत.

१९६४ मध्ये कुर्ल्यात ‘११०० डिलाइट’ आली. चौकोनी पाठ, शेपटाकडे किंचित उंचावलेले पंख, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर. इटलीत याच ११००-डीला १२२१ सीसीचं इंजिन होतं, कुर्ल्याने मात्र १९५३ च्या मूळ आराखड्यातलं १०८९ सीसीचं इंजिन चालू ठेवलं. ट्युरिनने ११००-डीचं उत्पादन १९६६ मध्ये थांबवलं. कुर्ल्यात ते थांबलं नाही. फियाटबरोबरचा परवाना संपल्यावर गाडीचं नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट झालं, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झालं, पण पत्र्याखालची गाडी तीच राहिली. २००१ च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत तोच १०८९ सीसीचा ठोकळा, ६८ मिलिमीटरचा बोअर आणि ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, तिच्या बॉनेटखाली होता.

परवाना राजच्या या काळाला नावं ठेवली जातात आणि ती रास्तच आहेत. ग्राहक नोंदणी करून वर्षानुवर्षं गाडीची वाट पाहत बसायचा आणि हाती यायची ती दोन दशकांपूर्वीची गाडी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा लोकांनी पद्मिनीकडे पाठ फिरवली, त्यात नवल नव्हतं. पण या थिजलेल्या आराखड्याची एक दुसरी बाजूही होती. ठोकळा बदलत नव्हता, त्यामुळे १९६५ साली शिकलेलं काम १९९५ सालीही तसंच लागू पडायचं. बापाने जमवलेली हत्यारं मुलाला उपयोगी पडायची. भंगारात निघालेल्या जुन्या गाडीचा भाग नव्या गाडीला बसायचा. मेकॅनिकचं ज्ञान जुनं होत नव्हतं, ते साठत होतं. गाडीचं नवं मॉडेल दर पाच वर्षांनी येणाऱ्या आजच्या बाजारात हे पुन्हा घडणं अशक्य आहे.

या ज्ञानाची खरी कसोटी टॅक्सीवाल्यांनी घेतली. साठच्या दशकात मुंबईच्या टॅक्सी-ताफ्यातल्या मोठ्या विलायती गाड्या मागे पडत गेल्या आणि छोटी, कमी पेट्रोल पिणारी, गल्लीतून वळणारी फियाट पुढे आली. नव्वदच्या दशकात शहरातल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींची संख्या साठ हजारांच्या वर होती. त्यातल्या अनेक दोन पाळ्यांत चालत, दिवसा एक चालक, रात्री दुसरा. खासगी मालकाची गाडी वर्षभरात जेवढी पळायची तेवढी टॅक्सी काही आठवड्यांत पळायची. गाडी एक दिवस बंद म्हणजे दोन घरांची कमाई बंद. त्यामुळे टॅक्सीवाल्याला दुरुस्ती स्वस्त हवी होती, लगेच हवी होती आणि टिकाऊ हवी होती. शिवाय आरटीओचं पासिंग डोक्यावर असे. ब्रेक, दिवे, हॉर्न, पत्रा, मीटर, सगळं दाखवावं लागे.

या गरजेतून कामांची विलक्षण वाटणी झाली. इंजिन उघडणारा फिटर वेगळा, वायरिंग करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन वेगळा. पत्रा ठोकणारा डेंटर, रंग मारणारा पेंटर, रेडिएटरला डाग देणारा, कार्ब्युरेटर धुणारा, पाटे बसवणारा, सीट शिवणारा, मीटर दुरुस्त करणारा, प्रत्येकाचा आपला ओटा किंवा फूटपाथचा तुकडा. नवे भाग ऑपेरा हाउसच्या दुकानांत, जुने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारात. पुण्यात हेच काम नाना पेठेने केलं. भाग घेताना ओरिजिनल की लोकल, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जायचा आणि जाणता मेकॅनिक कुठे लोकल चालेल आणि कुठे अजिबात चालणार नाही, हे नेमकं सांगायचा. गिअरच्या दांडीचा बुश लोकल चालेल, ब्रेकचं वॉशर नाही.

सर्वांत जास्त हात लागायचा तो डेल्कोला. डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडच्या गॅरेजमध्ये आजही डेल्कोच म्हणतात. त्याच्या आत दोन बारीक धातूचे पॉइंट असतात. ते उघडले की कॉइलमधून ठिणगी निघते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे पॉइंट मिनिटाला ६००० वेळा उघडतात. दर वेळी त्यांच्या तोंडाला थोडा डाग पडतो, फट थोडी बदलते, ठिणगीची वेळ सरकते. गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते, चढावर ठोके देते. टॅक्सीचालक पाळी संपल्यावर पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन पॉइंट घासून काढायचा आणि फट बेताची करायचा. ट्यूनिंग या शब्दात त्या काळी जे जे यायचं, त्यातलं निम्मं काम या दोन बिंदूंचं होतं.

इंजिन थकलं तरी ते फेकून दिलं जात नसे. धूर वाढला, तेल पिऊ लागलं, की आधी ‘हाफ इंजिन’, म्हणजे रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्हचं काम. त्यानेही भागलं नाही तर फुल इंजिन. लेथवाल्याकडे ठोकळा जायचा, सिलिंडर किंचित रुंद करून त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसायचे. रुंदीकरणाची मर्यादा संपली की सिलिंडरमध्ये नवी स्लीव्ह ठोकायची आणि पुन्हा मूळ मापावर यायचं. ओतीव लोखंडाचा तो ठोकळा तडकला नाही तर या पद्धतीने किती वेळा नवा होऊ शकतो, याला जवळजवळ अंतच नव्हता.

सगळंच शहाणपणाचं होतं असं नाही. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय गॅरेजांत सर्रास होती. थर्मोस्टॅट थंड इंजिनाला लवकर ठरावीक तापमानावर आणतो. तो काढला की गाडी तापणं तात्पुरतं थांबल्यासारखं वाटतं, पण इंजिन बराच वेळ थंड राहून झिजतं आणि पेट्रोलही जास्त खातं. खरा दोष बहुतेक वेळा गाळाने भरलेल्या रेडिएटरमध्ये असायचा. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळणं हा तर सरळ आगीला आमंत्रण देणारा प्रकार. जुनी गाडी आज कुणाच्या हाती आली तर आधीच्या मालकांच्या अशा ‘सोयी’ शोधून काढणं हेच पहिलं काम असतं.

पण पद्मिनीचा खरा वैरी गंज. तिची बांधणी मोनोकॉक पद्धतीची होती, म्हणजे जीपसारखी वेगळी चॅसिस नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. दरवाजाखालचे उंबरे, फ्लोअर, मागच्या पाट्यांच्या खिळी जिथे बसतात ते चॅनेल, हे सगळं गाडीचा कणा आहे. मुंबईत पावसाळ्यात २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, रस्त्यावर पाणी साचतं, आणि वर्षभर खारी हवा. रबरी मॅटखाली पाणी मुरून फ्लोअर पोखरलं जायचं. कोकणात आणि गोव्यात हाच अनुभव. मग डेंटर सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा. काम चोख असेल तर गाडी आणखी दहा वर्षं चालायची. नुसता पत्र्यावर पत्रा चढवून वर डांबर फासलं असेल, तर आत गंज चालूच राहायचा आणि एक दिवस जॅक लावताना उंबराच आत जायचा.

२००० च्या आसपास इंधन बदललं. देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. शिशामुळे जुन्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या बैठकीला एक संरक्षण मिळत असे, ते गेलं. लगोलग मुंबईत प्रदूषणावरच्या याचिकेतून उच्च न्यायालयाचे आदेश निघाले आणि जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळावं लागलं. अवघ्या काही वर्षांत हजारो पद्मिनी सीएनजीवर गेल्या. १९५३ च्या इंजिनाला हे इंधन मानवलं, याचं श्रेय गॅरेजांना आहे. वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगीची वेळ थोडी आधी घ्यावी लागली. त्याला पेटवायला जास्त जोरकस ठिणगी लागते, म्हणून कमजोर कॉइल आणि डागाळलेले पॉइंट आता चालेनात, इंजिन उलट भडकायचं. वायू कोरडा, म्हणून व्हॉल्व्हच्या बैठका कडक धातूच्या बसवल्या गेल्या. जड टाकीने डिकी व्यापली, प्रवाशांचं सामान टपावरच्या कॅरिअरवर गेलं. मागचे पाटे दबले, तर पाटेवाल्याने एक पाटा वाढवून दिला.

शेवट कायद्याने आणला. राज्य सरकारने टॅक्सींना आधी २५ वर्षांची वयोमर्यादा घातली, २०१३ मध्ये ती २० वर्षांवर आणली. मुंबईत टॅक्सी म्हणून अखेरची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस तिची मुदत संपली आणि काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. निदान एक टॅक्सी तरी जतन करा, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली होती. कुर्ल्यातल्या कारखान्याच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी ही वसाहत उभी आहे. शेजारच्या रस्त्याचं नाव प्रीमियर रोड असंच राहिलं आहे.

टॅक्सी गेल्या, पण खासगी पद्मिनी आहेत. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर हरित कर भरून, गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते. दिल्लीतल्यासारखी वयाची बंदी इथे नाही. अलीकडे तरुण मंडळी आजोबांची फियाट शेडमधून बाहेर काढू लागली आहेत आणि तिला नुसती मिरवायला नव्हे, तर पुण्याहून वाईला, मुंबईहून अलिबागला न्यायला बघतात. त्यांच्यापुढचे प्रश्न टॅक्सीवाल्यांचेच आहेत, फक्त उत्तरं थोडी सुधारली आहेत.

पॉइंटच्या जागी डेल्कोच्या आतच बसणारा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच मिळतो. तो बाहेरून दिसत नाही आणि झीज होत नसल्याने ठिणगीची वेळ हलत नाही. सुरुवातीच्या गाड्यांना डायनॅमो होता. वाहतुकीत अडकून इंजिन मंद चालत असताना तो जवळजवळ वीज देत नाही, त्यामुळे पावसात वायपर आणि दिवे लावले की बॅटरी उतरायची. अल्टरनेटर बसवला की ही तक्रार मिटते. टाकीजवळ विजेवर चालणारा पेट्रोल पंप लावला तर इंधन ओढलं जाण्याऐवजी ढकललं जातं आणि घाटातल्या वाफेचा त्रास बराच कमी होतो. मात्र पंप कमी दाबाचा हवा, नाहीतर कार्ब्युरेटर तुडुंब भरतो. अपघातात तो आपोआप बंद पडण्याची सोयही हवी. हेडलाइटला रिले लावला की साठ वर्षांपूर्वीच्या स्विचवरचा भार उतरतो आणि उजेड वाढतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला मऊ करतं, टाकीतला गंज सोडवतं आणि पाणी शोषून घेतं. म्हणून इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवणं आज ऐच्छिक राहिलेलं नाही.

ब्रेकचा प्रश्न अवघड आहे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. तिच्या काळातल्या वेगाला ते पुरेसे होते, आज पुढची गाडी डिस्क ब्रेक आणि एबीएसवर क्षणात थांबते तेव्हा पुरत नाहीत. पुढच्या चाकांना डिस्क बसवणारे कारागीर आहेत, पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. दुसरीकडे २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, दहा वर्षांसाठी २०,००० रुपये शुल्क. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे जपायची तर चालवू नका, चालवायची तर सुधारू नका, अशी मालकाची कोंडी झाली आहे. ज्या बदलाने गाडी जास्त सुरक्षित होते आणि जो पुन्हा काढून टाकता येतो, त्याला तपासणी करून परवानगी देणारी वाट परिवहन विभागाने काढायला हवी. सीएनजी किटची नोंद आरसी बुकावर होऊ शकते, तर ब्रेकची का होऊ नये?

तोवर पद्मिनीच्या मालकांना एवढंच सांगायचं आहे. रंग आणि क्रोम शेवटी करा. आधी ब्रेकच्या नळ्या, सिलिंडर आणि वॉशर बदला, मग इंधनाच्या नळ्या, मग वायरिंग, मग रेडिएटर, मग उंबरे आणि फ्लोअर. किंगपिनला वेळेवर ग्रीस मारा. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा. आणि गाडी ज्या जुन्या मेकॅनिककडे न्याल, त्याच्या शेजारी एखाद्या आयटीआयच्या मुलाला उभं करा, काम होताना त्याला बघू द्या, वही-पेन्सिल द्या. सुटे भाग अजून काही वर्षं ऑपेरा हाउसला आणि नाना पेठेत मिळतील. पॉइंटची फट कानाने ओळखणारी माणसं मात्र आता सत्तरीत आहेत.